विश्लेषण : हॉटेलचा दर २,४९९ रुपये, मग बिल वाढते कसे? बुकिंग संकेतस्थळांची छुपी आकारणी कशी ओळखावी?

सुट्ट्या जवळ आल्या की मोबाइलवर हॉटेल शोधण्याची लगबग सुरू होते. शोधाच्या पहिल्याच पानावर हॉटेलचे नाव, देखणी छायाचित्रे आणि परवडणारा दर दिसतो. पैसे भरताना मात्र आकडा वाढलेला असतो आणि हॉटेलच्या काउंटरवर पोहोचल्यावर कळते की, बुकिंग हॉटेलकडे झालेलेच नाही, मधल्या भलत्याच कंपनीकडे झाले आहे. यातला प्रत्येक प्रकार सरळसरळ फसवणुकीचा नसतो. पण ‘पैसे कुणाला जाणार’ आणि ‘एकूण किती जाणार’ या दोन गोष्टी ग्राहकाला शक्य तितक्या उशिरा कळाव्यात, अशी पडद्याची रचना अनेकदा मुद्दाम केलेली असते. ही रचना कशी चालते, कायदा काय म्हणतो आणि पैसे भरण्याआधी काय तपासावे, याचा आढावा.

दर वाढत कसा जातो?

एक उदाहरण घेऊ. समजा, महाबळेश्वरमधील एका हॉटेलची खोली ‘फक्त २,४९९ रुपये’ अशी दिसते. हा दर एका रात्रीचा असतो आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. दोन रात्रींचे झाले ४,९९८ रुपये. पुढच्या पानावर खोलीवरचा पाच टक्के जीएसटी म्हणजे सुमारे २५० रुपये वाढतात. त्यानंतर ३५० रुपये ‘सुविधा शुल्क’ आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३ रुपये. प्रवास विम्याच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असते, त्याचे १९९ रुपये. शेवटी एखाद्या सामाजिक कार्यासाठी १० रुपये देणगी. एकूण रक्कम झाली ५,८७० रुपये. ग्राहकाच्या डोक्यात बसलेल्या ४,९९८ रुपयांपेक्षा ८७२ रुपये, म्हणजे १७ टक्क्यांहून अधिक. त्यातला खोलीवरचा कर २५० रुपयांचाच आहे.

अनेक संकेतस्थळे हे सगळे ‘कर व शुल्क’ अशा एकाच ओळीत दाखवतात. वाचणाऱ्याला वाटते, सगळा पैसा सरकारला जातो. इथे एक ढोबळ पडताळणी उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर रात्री ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. ७,५०० रुपयांवरच्या खोलीला १८ टक्के लागतो. तीन हजारांच्या खोलीवर ‘कर व शुल्क’ म्हणून सहाशे रुपये दाखवले जात असतील, तर त्यातला कर साधारण दीडशेचा. उरलेली रक्कम बहुतांशी कुणाच्या तरी शुल्काची आहे, असे समजावे आणि तपशील उघडून पाहावा.

दर टप्प्याटप्प्याने उघड करण्याच्या या पद्धतीला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. थेंबाथेंबाने वाढणारी किंमत, असा त्याचा सरळ अर्थ.

ग्राहक मागे का फिरत नाही?

शेवटच्या पानापर्यंत पोहोचताना ग्राहकाने तारखा टाकलेल्या असतात, हॉटेल निवडलेले असते, घरच्यांना छायाचित्रे पाठवून त्यांचा होकार मिळवलेला असतो. पाहुण्यांची नावे, फोन क्रमांक, ईमेल सगळे भरून झालेले असते. आता दोन-चारशे रुपयांसाठी पुन्हा पहिल्यापासून कोण शोधणार, असा विचार होतो.

हा केवळ अंदाज नाही. अमेरिकेत कार्यक्रमांची तिकिटे विकणाऱ्या स्टबहब या संकेतस्थळावर लाखो ग्राहकांवर एक प्रयोग झाला. काहींना शुल्कासह पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवली, तर काहींना शुल्क शेवटी दाखवले. शुल्क शेवटी कळलेल्या गटाने सुमारे वीस टक्के अधिक पैसे खर्च केले. तिकीट असो वा हॉटेलची खोली, पडद्यामागचे गणित सारखेच आहे. पूर्ण किंमत आधी दाखवणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्याचा दर यादीत महाग दिसतो आणि शुल्क लपवणारा स्वस्त ठरतो. त्यामुळे एकाने सुरुवात केली की बाकीच्यांनाही तोच मार्ग धरावा लागतो.

मधली संकेतस्थळे कोणकोणती?

हॉटेल आणि ग्राहक यांच्यामध्ये साधारण तीन प्रकारच्या कंपन्या असतात. पहिला प्रकार ऑनलाइन ट्रॅव्हल एजंटचा. मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, अगोडा ही नावे सर्वांच्या ओळखीची आहेत. या कंपन्या हॉटेलकडून कमिशन घेतात. काही ठिकाणी ग्राहकाकडूनही शुल्क घेतात. दुसरा प्रकार दरांची तुलना करणाऱ्यांचा. ते स्वतः खोली विकत नाहीत, वेगवेगळ्या एजंटांचे दर एका पानावर आणून दाखवतात आणि ग्राहकाने क्लिक केले की त्या एजंटाकडून पैसे घेतात. तिसरा प्रकार पुनर्विक्रेत्यांचा. हे घाऊक पुरवठादाराकडून किंवा दुसऱ्या एजंटाकडून खोली घेतात आणि वर आपले शुल्क लावून विकतात.

तिन्ही व्यवसाय कायदेशीर आहेत. त्यांचा फायदाही होतो : एका जागी पर्याय दिसतात, इतरांचे अभिप्राय वाचता येतात, कधी कधी हॉटेलपेक्षा स्वस्त दर मिळतो. मधली कंपनी आपण मध्ये आहोत हे लपवते, तेव्हा अडचण सुरू होते.

हॉटेलचेच संकेतस्थळ असल्याचा भास कसा होतो?

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१७ मध्ये रिझर्व्हेशन काउंटर ही पुनर्विक्रेता कंपनी आणि तिच्या पालक कंपन्यांवर कारवाई केली. लोक शोधयंत्रात हॉटेलचे नाव टाकत, तेव्हा वर या कंपनीची जाहिरात येई आणि तिच्यात हॉटेलचे नाव ठळक असे. संकेतस्थळावर गेल्यावर किंवा तिथल्या क्रमांकावर फोन केल्यावरही आपण हॉटेलशीच बोलत आहोत, असा ग्राहकाचा समज होई, असा आयोगाचा आरोप होता. हॉटेलमध्ये मुक्कामाच्या वेळी पैसे द्यायचे, अशी ग्राहकाची कल्पना असे. इथे कार्डावरून रक्कम लगेच कापली जात होती. आपण स्वतंत्र पुनर्विक्रेते आहोत हे यापुढे स्पष्ट सांगावे, या अटीवर प्रकरण मिटले.

हीच पद्धत मोबाइलवर अधिक प्रभावी ठरते. पडदा लहान असल्याने वरचे दोन-तीन निकाल तेवढे दिसतात आणि ते अनेकदा जाहिराती असतात. ‘प्रायोजित’ हा शब्द बारीक असतो. संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता दिसतच नाही. पत्त्याच्या सुरुवातीला हॉटेलचे नाव आले की विश्वास बसतो. प्रत्यक्षात महत्त्वाचे असते ते ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’च्या लगेच आधी येणारे नाव. संकेतस्थळ त्या नावाचे असते. त्याच्याही आधी किंवा तिरप्या रेघेनंतर कोणतेही हॉटेल लिहिता येते.

याचा खरा फटका बसतो तो बेत बदलल्यावर. आई-वडिलांची तब्येत बिघडली, गाडी रद्द झाली, म्हणून ग्राहक हॉटेलला फोन करतो. हॉटेलवाला सांगतो, ‘तुमचे पैसे आमच्याकडे आलेलेच नाहीत, ज्यांच्याकडे बुकिंग केले त्यांना विचारा.’ हॉटेलची स्वतःची अट दोन दिवस आधीपर्यंत मोफत रद्द करण्याची असू शकते, पण पुनर्विक्रेत्याने तीच खोली ‘परतावा नाही’ या अटीवर विकलेली असते. ग्राहकाचा व्यवहार पुनर्विक्रेत्याशी झालेला असल्याने अटही त्याचीच लागू होते. काही वेळा तर बुकिंगचा तपशील हॉटेलपर्यंत पोहोचलेलाच नसतो आणि रात्री अकरा वाजता सामानासह काउंटरवर उभ्या कुटुंबाला दुसरी खोली शोधावी लागते.

‘शेवटच्या दोन खोल्या’ खऱ्या असतात का?

कधी असतात, कधी नसतात. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने याची चौकशी केल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये एक्स्पीडिया, बुकिंग डॉट कॉम, अगोडा, हॉटेल्स डॉट कॉम, ईबुकर्स आणि ट्रिवागो या सहा संकेतस्थळांनी आपल्या पद्धती बदलण्याची हमी दिली. चौकशीत पुढे आलेले प्रकार बोलके होते. ‘याच हॉटेलकडे आणखी इतके जण पाहत आहेत’ असा संदेश येई, पण ते लोक वेगळ्या तारखांसाठी शोधत असण्याची शक्यता सांगितली जात नसे. घाई वाढावी म्हणून भरलेली हॉटेलेही यादीत पेरली जात. सवलत मोठी दिसावी म्हणून आठवड्यातल्या कामाच्या दिवसाच्या दराची तुलना शनिवार-रविवारच्या दराशी, साध्या खोलीची तुलना आलिशान खोलीशी केली जाई.

‘सर्वोत्तम दर’ या शब्दांवरही भिस्त ठेवता येत नाही. दरांची तुलना करणाऱ्या ट्रिवागोविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने खटला भरला. कोणता दर सर्वांत वर दाखवायचा हे ठरवताना, कोणती कंपनी प्रत्येक क्लिकमागे किती पैसे देते याला मोठे वजन होते, असे न्यायालयात स्पष्ट झाले. वरचा दर हा सर्वांत स्वस्त नसण्याचे प्रमाण ६६.८ टक्के इतके होते. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी धरले आणि एप्रिल २०२२ मध्ये ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात या विषयावर नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू किंवा सेवेची एकूण किंमत एकाच आकड्यात, सर्व सक्तीच्या आणि ऐच्छिक आकारणीच्या तपशिलासह दाखवावी लागते. आधीच खूण केलेल्या चौकोनाला ग्राहकाची संमती मानता येत नाही. ग्राहकाने बुकिंग रद्द केल्यास शुल्क लावायचे असेल, तर कंपनीने स्वतःहून रद्द केल्यास तिनेही तसेच शुल्क सोसले पाहिजे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तक्रार सोडवावी, असेही बंधन आहे.

त्यापुढचे पाऊल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी उचलले. ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्याच्या रचनेला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ब्रिटनमधील हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये हा शब्द रूढ केला. प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. हॉटेल बुकिंगमध्ये त्यातले निदान चार नेहमी भेटतात. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हा एक. विमा किंवा देणगी न विचारता बिलात घालणे हा दुसरा. खोटी घाई निर्माण करणे तिसरा. आणि विमा नाकारताना ‘मी असुरक्षित राहीन’ अशा वाक्यावर क्लिक करायला लावून ग्राहकाला ओशाळे करणे हा चौथा. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने सर्व ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत आपल्या संकेतस्थळांची स्वतःच तपासणी करण्याची सूचनाही केली.

नियम असूनही प्रकार थांबत नाहीत, कारण प्रत्येक व्यवहारातली रक्कम लहान असते. दोनशे रुपयांसाठी तक्रार करणारे थोडे आणि न करणारे असंख्य, यावरच हा हिशेब उभा असतो.

परदेशात काय बदलले?

अमेरिकेत अनेक हॉटेले खोलीच्या दराशिवाय ‘रिसॉर्ट फी’ घेत आली आहेत. पोहण्याचा तलाव, वायफाय, व्यायामशाळा वापरा अगर वापरू नका, हे शुल्क दर रात्री द्यावे लागे आणि ते जाहिरातीतल्या दरात नसे. १२ मे २०२५ पासून तेथे नवा नियम लागू झाला. हॉटेले, अल्पकालीन निवास आणि कार्यक्रमांची तिकिटे यांच्या जाहिरातीत सक्तीच्या शुल्कासह एकूण किंमत ठळकपणे दाखवावी लागते. ब्रिटननेही ६ एप्रिल २०२५ पासून किंमत थेंबाथेंबाने उघड करण्यावर बंदी घातली.

सहलीला परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी तरीही स्थानिक कर वेगळा धरावा. दुबईत हॉटेलच्या दर्जानुसार खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिरहम पर्यटन शुल्क लागते आणि ते बहुधा काउंटरवर भरावे लागते. युरोपातील अनेक शहरांत पर्यटक कर आहे. ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या दराच्या १२.५ टक्के आहे. शिवाय परदेशी संकेतस्थळाने डॉलर किंवा युरोत रक्कम घेतली, तर कार्ड देणारी बँक वेगळे चलन शुल्क लावू शकते.

हॉटेलचालकांची बाजू काय?

या व्यवहारात लहान हॉटेलचालकही भरडले जातात. ग्राहकाची चिडचीड त्यांच्या काउंटरवर होते, वाईट अभिप्राय त्यांच्या नावावर जमा होतो. शुल्क मात्र भलत्यानेच घेतलेले असते. मोठ्या मंचांशी केलेल्या करारांत हॉटेलने इतरत्र किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर कमी दर ठेवू नये, अशी अटही असू शकते. हॉटेल संघटनेच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप व गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. दर समान ठेवण्याच्या अशा अटी करारातून काढाव्यात, असेही आदेशात म्हटले होते. संकेतस्थळावरचा दर पाहून थेट हॉटेलला फोन केल्यास काही वेळा तोच दर सुविधा शुल्काविना मिळतो, कधी नाश्ता किंवा गाडीची जागा वर मिळते.

पूर्णपणे बनावट संकेतस्थळांचे काय?

छुपे शुल्क एक गोष्ट आणि अस्तित्वातच नसलेली खोली विकणे दुसरी. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये भाविक आणि पर्यटकांना याबाबत सावध केले होते. केदारनाथ व चारधाम यात्रेची हेलिकॉप्टर सेवा, अतिथिगृहे, हॉटेले, टॅक्सी आणि सहलींच्या नावाने बनावट संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील पाने आणि शोधयंत्रांवरील जाहिराती चालवल्या जात असल्याचे केंद्राने म्हटले होते. पैसे भरल्यावर पावती येत नाही किंवा खोटी येते आणि दिलेला क्रमांक बंद होतो.

तीर्थक्षेत्री जाणाऱ्यांनी म्हणूनच संस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच खोली घ्यावी. शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानाच्या भक्तनिवासांचे आणि एमटीडीसीच्या पर्यटक निवासांचे बुकिंग त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर होते. गोव्यात हॉटेलांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. समाजमाध्यमावर स्वस्तात व्हिला देऊ करणाऱ्याला हा नोंदणी क्रमांक विचारावा. हॉटेलच्या नावाने व्यवहार आणि पैसे मात्र कुणा व्यक्तीच्या यूपीआय खात्यात मागितले जात असतील, तर तिथेच थांबावे.

पैसे भरण्याआधी काय तपासावे?

पहिले म्हणजे शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकूण रक्कम पाहावी आणि तुलना त्याच रकमेची करावी, यादीतल्या दराची नको. दुसरे, ‘कर व शुल्क’ ही ओळ उघडून पाच किंवा १८ टक्क्यांशी ताडून पाहावी. तिसरे, विमा, देणगी, सदस्यत्व यांच्या खुणा काढाव्यात. चौथे, बुकिंग रद्द केल्यास किती पैसे, किती दिवसांत आणि कोण परत देणार, हे वाचून त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा. पाचवे, ‘आमच्याविषयी’ आणि ‘अटी’ या पानांवर कंपनीचे नाव व पत्ता शोधावा. तिथे हॉटेलचे नाव नसेल तर आपण मध्यस्थाकडे आहोत. सहावे, बुकिंग झाल्यावर हॉटेलला फोन करून आपल्या नावाची नोंद पोहोचली का, अतिरिक्त गादी, लहान मुले किंवा पार्किंगचे वेगळे पैसे आहेत का, हे विचारावे. हा फोन क्रमांक बुकिंग संकेतस्थळावरून घेऊ नये, नकाशावरील हॉटेलच्या नोंदीशी आणि अधिकृत संकेतस्थळाशी जुळवून घ्यावा.

फसल्यास दाद कुठे मागायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. तिथेही प्रश्न सुटला नाही, तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनी गुरुग्रामची असो वा परदेशी, नाशिकच्या ग्राहकाला तिच्या गावी जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्कही नाही.

संकेतस्थळच बनावट निघाले तर वेळ दवडू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवल्यास पैसे पुढे जाण्याआधी खाते गोठवण्याची शक्यता वाढते. कार्डाने पैसे भरले असतील, तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते. त्यासाठी पावती, संदेश आणि पहिल्या पानावरच्या दराचा स्क्रीनशॉट हाताशी लागतो. तो पैसे भरण्याआधीच काढून ठेवलेला बरा, कारण नंतर त्या पानावरचा दर बदललेला असतो.